भाताला कणी राहू नये

काही महिन्यांपूर्वी एक बाई सल्ल्यासाठी आल्या त्या डबा घेऊनच. "ताई, पंधरा दिवस झाले, मऊ भाताशिवाय काही खात नाही. तरी दुपारनंतर पोट नगाऱ्यासारखं होतं. आता तुम्हीच बघा." डबा उघडला. भात दिसायला मऊच होता, वर तूप, कडेला लिंबाची फोड. त्यातलं एक शीत उचलून अंगठा आणि तर्जनीत दाबलं. बाहेरचा भाग पसरला आणि मधोमध खसखशीएवढा पांढरा, टणक कण बोटाला लागला. विचारल्यावर उलगडा झाला. घरातल्या सगळ्यांसाठी कुकरला दोन शिट्ट्या काढून केलेला तो भात होता. त्यातला वाटीभर वेगळा काढायचा, गरम पाणी घालून पळीने घोटायचा आणि खायचा, असं चाललं होतं.

घोटल्याने भात मऊ दिसतो, पण शिजत नाही. तांदळाच्या दाण्यातला स्टार्च उष्णता आणि पाणी दोन्ही पुरेसं मिळालं तरच फुलतो, आणि फुललेला स्टार्चच आपल्या पाचकरसांना चटकन फोडता येतो. जी कणी राहते ती लहान आतड्यातून तशीच पुढे सरकते, मोठ्या आतड्यातले जिवाणू तिच्यावर तुटून पडतात आणि वायू तयार होतो. निरोगी पोटाला त्याचं काही वाटत नाही. नाजूक झालेलं पोट मात्र तेवढ्यानेही फुगतं. त्या बाईंचा आहार चुकला नव्हता, शिजवणं चुकलं होतं.

म्हणून पोट नाजूक असलेल्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा एवढंच सांगते की, 'हलकं' हे पदार्थाचं नाव नाही. तोच तांदूळ, तीच डाळ, तोच दुधी कसा शिजवला, किती खाल्ला, कधी खाल्ला आणि कशाबरोबर खाल्ला, यावर तो हलका की जड ते ठरतं.

पेजेपासून सुरुवात करू. मूठभर तांदूळ, साधारण पाव वाटी, दोन-तीन पाण्यांत धुऊन अर्धा तास भिजत ठेवा. जुना तांदूळ किंवा कण्या मिळाल्या तर उत्तम. कोकणात आणि गोव्यात उकडे तांदूळ वापरतात, त्यांची पेजही छान होते, फक्त त्यांना वेळ जास्त लागतो. तांदळाच्या आठ ते दहा पट पाणी उकळायला ठेवा, त्यात तांदूळ वैरा आणि मंद आचेवर शीत फुटेपर्यंत शिजू द्या. मधूनमधून ढवळा, नाहीतर तळाला लागतं. मीठ शेवटी, चवीपुरतं. आता मघाचीच परीक्षा घ्या, एक शीत बोटांत दाबून पाहा. कण लागला नाही, शीत लोण्यासारखं पसरलं, की पेज झाली. मऊ भातासाठी पाणी चार ते पाच पट आणि कुकरला मंद आचेवर पाच-सहा शिट्ट्या, मग वाफ आपोआप जिरू द्यायची. घाईने शिटी उचलून कुकर उघडला की शेवटचं शिजणं राहून जातं.

भात गरम असतानाच खावा, यालाही कारण आहे. शिजलेला भात गार झाला की त्यातल्या स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट होतो आणि पचायला अवघड बनतो. शिवाय सकाळी केलेली पेज दिवसभर ओट्यावर ठेवून रात्री गरम करून देणं हे आजारी माणसासाठी धोक्याचंच आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवण्यातूनही तग धरतात आणि खोलीच्या तापमानाला वाढून विष तयार करतात. त्यातलं उलटी घडवणारं विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. उरलेली पेज तास-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाणार नसेल, तर थोडीच करा आणि दोनदा करा.

आधी पाणी

जुलाब-उलट्या चालू असताना घरचे 'काही खाल्लं नाही' म्हणून घाबरतात. खरी घाई पाण्याची आणि मिठाची असते. 1971 साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी शिरेतून द्यायचं सलाईन संपत आल्यावर मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूंचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. आतड्यात साखर आणि सोडियम हातात हात घालून आत शोषले जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. साधं पाणी एकटं तेवढं आत जात नाही.

औषधाच्या दुकानातून ओआरएसचं पाकीट आणताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचा उल्लेख आहे का, ते पाहा. तयार गोड पेयांच्या खोक्यांवर तसं नाव पाहून फसू नका. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे वरून बोट फिरवून समतल केलेला. मीठ जास्त झालं तर लहान मुलांना ते घातक ठरतं, म्हणून अंदाजाने टाकू नका, आणि चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी टाकून नव्याने करा. चोवीस तासांनंतर उरलेलं फेकून द्या. उलटी होत असेल तर पेलाभर एकदम न देता दर दोन-तीन मिनिटांनी चमचा-चमचा द्या. भेटायला येणारे नातेवाईक ग्लुकोजची पावडर आणतात, त्यांचा जीव त्यात असतो, पण ती ओआरएसची जागा घेऊ शकत नाही, कारण तिच्यात पुरेसं मीठ नसतं. नुसती साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध एकदाही थांबवू नका.

जिना चढायचा आहे

उलट्या थांबल्या आणि भुकेची जाणीव झाली की पेजेवरची निवळ. ती पोटात राहिली तर शितांसकट पेज. मग मऊ भात, मग मुगाची पातळ खिचडी, मग मऊ पोळी-भाजी. आयुर्वेदात पंचकर्मानंतर असाच क्रम सांगितला आहे. आधी मंड, मग पेया, मग विलेपी, त्यानंतर डाळींचं यूष, असं तीन ते सात दिवसांत माणसाला नेहमीच्या जेवणाकडे आणायचं. त्याला संसर्जन क्रम म्हणतात. मला त्यातला 'क्रम' हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. साध्या जुलाबातून उठलेल्या मोठ्या माणसाने हा जिना दोन-तीन दिवसांत चढावा. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत नव्या येतात आणि त्या घडायला अन्न लागतं. पोटाला विश्रांती द्यायची म्हणून आठ-आठ दिवस निवळीवर राहणं म्हणजे दुरुस्तीला आलेल्या गवंड्याला विटाच न देणं.

खिचडीचं प्रमाण सांगते. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची पिवळी डाळ, दोन्ही तासभर भिजवून ते पाणी ओतून द्यायचं. डाळींमध्ये पोटात वायू करणाऱ्या काही शर्करा असतात, त्या भिजवण्याच्या पाण्यात थोड्या उतरतात. हरभरा, राजमा, वाटाणा यांच्यापेक्षा मुगाच्या डाळीत त्या कमी त्रास देतात, म्हणून आजाऱ्याला मूगच. सात वाट्या पाणी, चिमूटभर हळद, मीठ. चमचाभर तुपात जिरं आणि हिंग. तूप चमचाभरच. तूप चांगलं खरं, पण स्निग्ध पदार्थ जठर रिकामं व्हायला उशीर लावतात, आणि ज्याला आधीच मळमळ आहे त्याच्या भातावर पळीभर तूप म्हणजे मायेपोटी दिलेला त्रास. एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. ज्यांना सीलिॲक आजार आहे, त्यांनी डबीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय फोडणी करू नये.

कांदा-लसूण या वेळी नको. त्यातली फ्रुक्टन नावाची शर्करा माणसाच्या आतड्यात फुटत नाही, थेट मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात अशा आंबणाऱ्या शर्करांवर मोठं काम झालं आणि आतड्याच्या चिडखोरपणाने, म्हणजे आयबीएसने त्रासलेल्या अनेकांना त्याचा उपयोग झाला. पण लसणीशिवाय घास उतरत नाही, अशीही माणसं असतात. त्यांच्यासाठी एक उपाय आहे. फ्रुक्टन पाण्यात विरघळतात, तेलात-तुपात नाही. सोललेल्या दोन पाकळ्या अख्ख्याच तुपात तांबूस करा, काढून बाजूला ठेवा आणि त्याच तुपाची फोडणी द्या. वास लसणीचा येतो, त्रास नाही. पाकळी वरणात टाकून उकळली तर मात्र हा फायदा गेला.

दुधाबद्दल घरोघरी वाद होतात. पोट बिघडतं तेव्हा आतड्याच्या अस्तराचा वरचा थर झिजतो आणि दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज तिथेच असतं. म्हणून जुलाबानंतर काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, एरवी दूध पचणाऱ्यालाही ते बाधू शकतं. ताजं, गोड दही किंवा पातळ ताक बहुतेकांना चालतं, कारण विरजणातले जिवाणू ती साखर थोडी खाऊन टाकतात. ताक आंबट मात्र नको. भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ एवढंच घाला. छातीत जळजळ होते म्हणून रात्री गार दूध पिणाऱ्यांनाही सांगायला हवं, घटकाभर बरं वाटतं हे खरं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. पहाटे तीनला जळजळ होऊन जाग येते ती बऱ्याचदा त्यामुळे.

भाज्यांमध्ये दुधी, लाल भोपळा, गाजर, साल काढलेला दोडका, पडवळ, बटाटा. सालं आणि बिया काढा, बोटाने कुस्करेल इतकं शिजवा. दुधीचा एक तुकडा आधी जिभेला लावून पाहणं हा नियमच करा. कडू दुधीत क्युकर्बिटासिन नावाची द्रव्यं असतात, ती शिजवूनही जात नाहीत. पोटासाठी चांगला म्हणून कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात मृत्यू झाले आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात कडू लागलेला रस टाकून देण्याचाच सल्ला दिला आहे. 'औषध कडूच असतं' ही समजूत इथे जिवावर बेतते.

फळांत पिकलेलं केळं आणि पपई सहसा मानवतात. सफरचंद हे आजाऱ्याचं फळ मानलं जातं, पण सालासकट कच्चं सफरचंद अनेक नाजूक पोटांना फुगवतं. द्यायचंच तर साल काढून वाफवा. कच्ची केळी उकडून कुस्करलेली मात्र जरूर करून पाहा. ढाक्यातल्या अतिसार संशोधन केंद्राने जुलाब रेंगाळलेल्या मुलांना तांदळाच्या आहारात शिजवलेली कच्ची केळी मिसळून दिली, तेव्हा ती मुलं लवकर सावरल्याचं दिसलं होतं. आपल्या बाजारात राजेळी, भाजीची केळी सहज मिळतात, तरी या कामासाठी ती कोणाला आठवत नाहीत.

आता हलकी समजली जाणारी, पण हलकी नसलेली मंडळी. साबुदाण्याची खिचडी त्यात पहिली. साबुदाणा स्वतः साधा स्टार्च आहे आणि त्याची पातळ खीर किंवा पेज आजाऱ्याला चालते. पण दाण्याचं कूट, हिरवी मिरची, बटाटा आणि सढळ तूप यांनी ती खिचडी नेहमीच्या जेवणापेक्षा जड होते. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पोटाच्या तक्रारी घेऊन येणारे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. आजारी माणसाने उपवास सोडलेला देवाला चालत नाही असं मुळीच नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांनीच त्याला तो सोडायला सांगावा. दुसरी बिस्किटं. चहात बुडवून मऊ लागतात म्हणून ती हलकी नसतात. मैदा, साखर आणि वनस्पती तूप यांचा तो गोळा, त्यात रिकाम्या पोटी चहा. त्यापेक्षा साळीच्या लाह्या बशीभर कोमट पाण्यात किंवा ताकात भिजवून द्या. मेतकूट मात्र बिनधास्त घ्या, चमचाभरच. त्यात हरभऱ्याची आणि उडदाची डाळ असते, पण ती खमंग भाजून दळलेली, जोडीला सुंठ, जिरं, हिंग. आपल्या बायकांनी तोंडाला चव नसलेल्या माणसासाठी याहून नेमकं काही केलेलं मला माहीत नाही.

किती खायचं, याचं उत्तर सोपं आहे. आजवर दोन वेळा पोटभर जेवत असाल तर तेवढंच अन्न पाच वेळांत विभागून खा. रात्रीचं जेवण झोपण्याआधी निदान दोन-तीन तास. आणि मऊ अन्नही चावून खा. पेज आपण पितो, गिळतो, म्हणून तोंडातल्या लाळेला स्टार्चवर काम करायला वेळच मिळत नाही. चमच्याने घ्या, घास तोंडात घोळवा. मधुमेह असलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं की, भात जितका मऊ तितकी रक्तातली साखर भराभर चढते. त्यांनी पेज एकटी न घेता मुगाच्या कढणाबरोबर, थोडी-थोडी घ्यावी, आणि खाणं कमी झालं असेल तर गोळ्या-इन्शुलिनचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठेवावं.

मऊ म्हणजे निःसत्त्व नव्हे

हे मी घरात शिकले. माझ्या सासऱ्यांना जुलाबांचा जोरदार त्रास झाला. चार दिवसांत ते बरे झाले, पण त्यांनी धास्ती घेतली. सकाळी पेज, दुपारी मऊ भात-ताक, रात्री पुन्हा पेज. "पोट शांत आहे ना, मग कशाला छेडा," असं म्हणायचे. मीच ते प्रेमाने करून वाढत होते. दीड महिन्याने एका सकाळी ते जेवणाच्या खुर्चीवरून उठायला गेले आणि उठवेना. दोन्ही हात टेबलावर टेकून, दुसऱ्या प्रयत्नात उठले. लेंग्याच्या आत मांड्या किती बारीक झाल्या होत्या, ते मला त्या दिवशी दिसलं. पोट शांत होतं आणि माणूस झिजत होता.

हिशेब केला तेव्हा पोटात गोळा आला. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. मूठभर तांदळाच्या वाटीभर पेजेत जेमतेम दोन ग्रॅम असतात. दिवसभराचं सगळं मिळून त्यांच्या पोटात 15 ग्रॅमही जात नव्हती. त्या दिवसापासून पेजेत वाटलेली मुगाची डाळ शिजू लागली. सकाळी एक मऊ उकडलेलं अंडं आलं, त्यात सहा ग्रॅम. दुपारी घरी फाडलेल्या दुधाचं मऊ पनीर कुस्करून भातात. आठवड्यातून दोनदा काटे काढलेला पापलेटाचा उकडलेला तुकडा, फक्त हळद-मीठ लावून. यातलं एकही पोटाला लागलं नाही. जे मांसाहार करतात त्यांनी चिकनचं नुसतं पाणी पिऊन समाधान मानू नये, त्यातला मऊ शिजलेला तुकडाही बारीक करून खावा, प्रथिनं त्या तुकड्यात असतात. उठायला-चालायला पूर्ववत व्हायला सासऱ्यांना तीन महिने लागले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं गेलेलं मांस सहज परत येत नाही, हे लक्षात ठेवून मऊ आहाराच्या तिसऱ्या दिवसापासूनच वाटीत प्रथिनं दिसली पाहिजेत.

पोट वारंवार नाजूक होत असेल तर एक वही घाला. काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी झाला, एवढंच, पण दोन आठवडे न चुकता. एका वेळी एकच पदार्थ बंद करून पाहा. एकदम दूध, गहू, डाळ, फळं सगळं सोडणाऱ्यांना शेवटी त्रास कशाचा होता ते कळतच नाही आणि ताटात उरतो तो नुसता भात. गहू बाधतो अशी शंका असेल तर तो बंद करण्याआधी सीलिॲकची रक्ततपासणी करून घ्या, कारण गहू सोडल्यावर ती तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

आणि काही वेळा प्रश्न स्वयंपाकघरात सुटणारा नसतो. शौचातून रक्त, किंवा लोहाच्या गोळ्या चालू नसताना डांबरासारखं काळं शौच. कारणाशिवाय घटणारं वजन. घास अडकणं. झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा जुलाब. अंगात चढलेला ताप. सहा-आठ तास लघवीच न होणं, डोळे खोल जाणं, बाळ मलूल पडणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली आणि न थांबणारी पोटाची तक्रार. यातलं एकही दिसलं तर त्या दिवशी पेज शिजवत बसू नका, डॉक्टरांकडे जा.